कपाटातला जुना ८०५१ बोर्ड पुन्हा सुरू करताना



आम्ही आज सोबत दोन बोर्ड आणले आहेत. ते इथं टेबलावर ठेवलेत, नंतर जवळ येऊन बघा. दोन्ही एकाच बनावटीचे, हिरवे, वहीच्या पानाएवढे. एक चालतो, दुसरा मेलेला आहे. मेलेला आमच्याच हातून मेला. ती गोष्ट पुढं येईलच.

हे बोर्ड आमच्याकडं कसे आले ते आधी सांगतो. आम्ही म्हणजे तिघं मित्र. पोटापाण्याचा उद्योग इलेक्ट्रॉनिक्सचा, आणि सुटीच्या दिवशी कुणी बोलावलं तर शाळा-कॉलेजांत जाऊन मुलांबरोबर दुरुस्ती करत बसायचं, एवढंच आमचं काम. गेल्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावच्या तंत्रनिकेतनातून बोलावणं आलं. प्रयोगशाळेत गेलो तर कोपऱ्यात एक खोकं बांधून ठेवलेलं. प्रयोगशाळेतले मामा म्हणाले, "सर, त्याला हात लावू नका. निर्लेखनाची सही झाली की भंगारात जायचंय ते."

खोक्यात १४ बोर्ड होते. ८०५१ मायक्रोकंट्रोलरचे. शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं, की यातले दोन-तीन आत्ता-आत्तापर्यंत चालायचे, बाकीचे कधीच बंद पडले. मुलं प्रयोग संगणकावरच्या सिम्युलेटरमध्ये करतात आणि जर्नल मागच्या वर्षीच्यांच्या जर्नलवरून उतरवतात. शेवटच्या वर्षाची एक मुलगी शेजारी उभी होती. ती म्हणाली, "सर, मी ८०५१ च्या चाळीसही पिनांची नावं पाठ म्हणून दाखवते. पण चिप अजून हातात घेतलेली नाही."

या वाक्यानं आम्ही थांबलो. खोकं उघडलं. त्या दिवशी आणि पुढच्या दोन रविवारी जे केलं, तेच आज क्रमानं सांगणार आहोत. आपल्यापैकी कुणाच्या घरी, शाळेत, कारखान्याच्या स्टोअरमध्ये असा बोर्ड पडून असेल, तर घरी जाऊन करता यावं इतपत.

हा बोर्ड आहे तरी काय

इंटेलनं ८०५१ ही चिप १९८० मध्ये बाजारात आणली. एका चिपमध्ये प्रोसेसर, ४ किलोबाइट प्रोग्रॅमची जागा, १२८ बाइट रॅम, दोन टायमर, एक सीरियल पोर्ट आणि बाहेरच्या जगाशी बोलायला ३२ तारा. १२८ बाइट म्हणजे किती? आजच्या संगणकात देवनागरीतला ‘नमस्कार’ हा शब्द २१ बाइट घेतो. सहा वेळा नमस्कार लिहिलात की ही रॅम भरली.

तरीही ही चिप जगभर चालली. इंटेलनं इतर कंपन्यांना परवाने दिले आणि तीच रचना अनेकांनी आपापल्या नावानं काढली. आपल्याकडच्या बोर्डांवर बहुतेक वेळा ॲटमेल कंपनीची एटी८९सी५१ किंवा एटी८९एस५२ दिसते. पुढं २०१६ मध्ये ॲटमेल कंपनीच मायक्रोचिपनं विकत घेतली. पदविका आणि अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात ८०५१ वर्षानुवर्षं राहिल्यामुळं महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या कपाटांत असे बोर्ड अजून सापडतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास ज्यांनी सुटे भाग शोधत पायपीट केली आहे, त्यांना ही चिप वेगळी ओळखून द्यायला नको.

आता एटी८९एस५२ धरून पुढं जाऊ. हिच्यात प्रोग्रॅमसाठी ८ किलोबाइट फ्लॅश आहे, रॅम २५६ बाइट, टायमर तीन. आणि महत्त्वाचं म्हणजे नावातला तो ‘एस’. ‘एस’ असेल तर चिप बोर्डावर बसलेली असतानाच तीन-चार तारांनी तिच्यात प्रोग्रॅम भरता येतो. ‘सी’ असेल तर चिप काढून वेगळ्या प्रोग्रॅमरमध्ये बसवावी लागते. म्हणून पहिलं काम: चिपवरचं नाव वाचा. पुसट झालं असेल तर टॉर्च तिरपा धरा.

वीज देण्याआधी

जुना बोर्ड हातात आला की आपला हात आधी अडॅप्टरकडं जातो. तिथंच थांबायचं. आम्ही थांबलो नाही, म्हणून हा दुसरा बोर्ड आज असा आहे.

झालं असं, की खोक्यात एक अडॅप्टर होता. ९ व्होल्ट लिहिलेला, पिन बरोबर बसणारा. आम्ही तो लावला. फट्‌ असा आवाज झाला आणि जळका वास सुटला. अडॅप्टरच्या पिनेत आतला भाग ऋण आणि बाहेरचा धन होता, बोर्डाला हवं होतं नेमकं उलटं. उलट जोडणी अडवायला बोर्डावर एक डायोड असायला हवा होता. त्या जागी कुणीतरी कधीतरी नुसती तार सोल्डर केलेली. इनपुटचा कपॅसिटर फुटला, रेग्युलेटर गेला, मुख्य चिप गेली, खालचा ट्रॅकही जळाला. इतकी वर्षं या कामात असून आम्ही मल्टिमीटर न लावता अडॅप्टर लावला. मुलांसमोर. मामा काही बोलले नाहीत, पण बघत होते.

तेव्हा आधी अडॅप्टर मोजा. आतली पिन धन की ऋण ते बघा. अडॅप्टरवर गोलाचं छोटं चित्र असतं, पण चित्रावर विसंबू नका, मीटरवर विसंबा. मग बोर्डावर ७८०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर शोधा. तो येणाऱ्या व्होल्टेजचे ५ व्होल्ट करतो. त्याला साधारण ७ व्होल्ट तरी यावे लागतात. १२ व्होल्टचा अडॅप्टर चालतो, पण वरचे ७ व्होल्ट तो उष्णता म्हणून टाकतो. बोर्ड २०० मिलिॲम्पिअर घेत असेल तर जवळजवळ दीड वॉट. बोट ठेववत नाही इतका तापतो. ९ व्होल्टचा बरा.

दुसरी गोष्ट चिपची दिशा. चिपच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते. ती सॉकेटवरच्या खुणेशी जुळली पाहिजे. खाच वर धरली तर डावीकडं वरून खाली १ ते २०, आणि उजवीकडं खालून वर २१ ते ४०. चिप उलटी बसली तर ४० नंबरला जमीन आणि २० नंबरला ५ व्होल्ट मिळतात, म्हणजे सरळ उलटा पुरवठा. चालू केल्यावर चिपवर बोट ठेवा. चटका बसला तर लगेच बंद करा.

तिसरी गोष्ट क्रिस्टल. चिपजवळ चंदेरी डबीसारखा भाग असतो, त्यावर आकडा असतो: १२.००० किंवा ११.०५९२. हा आकडा लिहून ठेवा. पुढं यावरून मोठा घोळ होतो.

चौथी गोष्ट जंपर. दोन-तीन पिनांवर बसणाऱ्या त्या काळ्या टोप्या. काहीही हलवण्याआधी मोबाइलनं बोर्डाचा फोटो काढा. कुठली टोपी कुठं होती हे नंतर आठवत नाही.

नाडी बघणं

आता वीज द्या आणि मल्टिमीटर घ्या. चिपमध्ये प्रोग्रॅम आहे की नाही हा प्रश्न आत्ता बाजूला. ८०५१ चालायला चार गोष्टी लागतात, त्या चार तपासायच्या.

एक, पुरवठा. ४० नंबर आणि २० नंबर यांच्यात ५ व्होल्ट. मोजायचं ते थेट चिपच्या पायांवर. सॉकेटचे पाय गंजलेले असतील तर बोर्डावर ५ व्होल्ट असतात आणि चिपपर्यंत पोचत नाहीत.

दोन, रीसेट. ९ नंबरची पिन. ८०५१ चा रीसेट बहुतेक चिपांच्या उलटा आहे: पिन वर गेली की चिप थांबते, खाली आली की चालते. म्हणून एरवी इथं शून्य व्होल्ट हवेत आणि बटण दाबलं की ५. बटण गंजून चिकटलं असेल किंवा इथला कपॅसिटर खराब झाला असेल, तर चिप कायमची थांबलेली राहते. आमच्या खोक्यातल्या दोन बोर्डांचा आजार एवढाच होता. बटण बदललं, उठले.

तीन, ३१ नंबरची पिन. हिला ईए म्हणतात. उजवीकडं वरून दहावी. ही ५ व्होल्टला जोडलेली असेल तर चिप आपल्या पोटातला प्रोग्रॅम वाचते. शून्याला जोडलेली असेल तर बाहेरच्या मेमरीतला प्रोग्रॅम वाचायला जाते. आणि बाहेर मेमरी लावलेलीच नसेल तर? चिप मोकळ्या तारांवरून जे येईल त्यालाच हुकूम समजते. ती चालू असते, पण आपलं एकही काम करत नाही.

हे आम्ही जरा सावकाश सांगतोय, कारण त्या १४ पैकी पाच बोर्ड याच कारणानं ‘मेलेले’ होते. केव्हातरी बाहेरच्या मेमरीचा प्रयोग झाला असणार, त्यासाठी जंपर हलवला असणार, आणि तो परत हलवायचं राहिलं. पुढच्या तुकडीनं प्रोग्रॅम भरला, काही हललं नाही. बोर्ड बाजूला गेला. त्याच्यावर ‘खराब’ची चिठ्ठी लागली. एक टोपी एका पिनेएवढी सरकवायची होती.

चार, घड्याळ. क्रिस्टलच्या पिना १८ आणि १९. पण तिथं मीटरची टोकं लावू नका. टोक लावल्यानंच क्रिस्टल थांबू शकतो. त्याऐवजी ३० नंबरची पिन बघा, एएलई. चिपचं घड्याळ चालू असेल तर ही पिन क्रिस्टलच्या एकषष्ठांश वेगानं वरखाली होत राहते. साध्या मीटरला तो वेग दिसत नाही, तो सरासरी दाखवतो: साधारण दीड ते दोन व्होल्टच्या आसपास. असा मधलाच आकडा दिसला की समजायचं, नाडी लागतेय. तिथं सरळ शून्य किंवा सरळ ५ व्होल्ट दिसले, तर एक तर घड्याळ बंद आहे किंवा रीसेट अडकलाय. क्रिस्टल बदलून बघा, शेजारचे ३३ पिकोफॅरडचे दोन छोटे कपॅसिटर तपासा.

त्या मुलीनं ३० नंबरवर टोक ठेवलं. मीटरवर १.६ आलं. ती म्हणाली, "सर, म्हणजे ही जिवंत आहे?" आम्ही म्हणालो, "जिवंत आहे. आता तिला नाव विचारू."

चिपला नाव विचारणं

जुन्या बोर्डांबरोबर जे प्रोग्रॅमर यायचे, त्यातले बरेच संगणकाच्या प्रिंटर पोर्टला लागायचे. तो पोर्ट आता संगणकावर नाही. प्रयोगशाळेतले संगणक बदलले, त्या दिवशी हे बोर्ड खऱ्या अर्थानं बंद पडले. बोर्ड तसेच होते, त्यांच्यापर्यंत जायचा रस्ता गेला.

नवा रस्ता स्वस्त आहे. यूएसबीएएसपी नावाचा छोटा प्रोग्रॅमर बाजारात सहज मिळतो. तो मुळात एव्हीआर चिपांसाठी आहे, पण एटी८९एस५२ ला चालतो. जोडायच्या तारा: मोसी ही १.५ ला म्हणजे चिपच्या ६ नंबरला, मिसो ७ ला, एससीके ८ ला, रीसेट ९ ला, आणि जमीन २० ला. पाच व्होल्ट एकाच ठिकाणाहून द्या. एक तर अडॅप्टर, नाही तर प्रोग्रॅमर. दोन्हीकडून नको.

इथं तीन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं, संगणकावर चिपचं नाव बरोबर निवडा. एव्हीआरचा रीसेट खाली ओढावा लागतो, ८०५१ चा वर. चुकीची चिप निवडली तर प्रोग्रॅमर उलट दिशेनं ओढत बसतो आणि ‘चिप उत्तर देत नाही’ एवढंच सांगतो. दुसरं, वेग. या चिपमध्ये प्रोग्रॅम भरतानाचं घड्याळ क्रिस्टलच्या एकसोळांशापेक्षा कमी हवं. ११.०५९२ मेगाहर्ट्‌झला ते साधारण ६९० किलोहर्ट्‌झ होतं. वेग कमीच ठेवा, घाई नाही. तिसरं, प्रोग्रॅम भरतानाही क्रिस्टल चालू लागतो. म्हणून आपण नाडी आधी बघितली.

आता लगेच प्रोग्रॅम भरू नका. आधी चिपची ओळखखूण वाचा. तीन बाइट येतात. एटी८९एस५२ असेल तर १ई, ५२, ०६. पहिला बाइट ॲटमेलचा, पुढचे दोन चिपचे. हे तीन बाइट आले की तारा, वीज, घड्याळ, रीसेट सगळं एकदम सिद्ध झालं. सगळे ००, किंवा सगळे एफएफ आले तर तारा पुन्हा बघा.

खूण मिळाली की आतला जुना प्रोग्रॅम वाचून संगणकावर ठेवता येतो का ते बघा. बोर्ड बनवणाऱ्यानं चाचणीचा प्रोग्रॅम ठेवलेला असू शकतो. तो पुन्हा मिळणार नाही. कुलूप लावलेलं असेल तर वाचता येणार नाही, मग पुसून पुढं जायचं. पुसलं की कुलूपही जातं.

पहिला दिवा

प्रोग्रॅम लिहायला एसडीसीसी हा सी भाषेचा कम्पायलर मोफत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतो. कॉलेजांत केइल वापरतात. त्याची मोफत आवृत्ती २ किलोबाइटपर्यंतचा प्रोग्रॅम बनवू देते, शिकायला तेवढं पुरतं. फक्त लक्षात ठेवा, दोघांची सी किंचित वेगळी आहे. एकेका पिनेला नाव देण्याची केइलची पद्धत एसडीसीसीला समजत नाही. जुन्या जर्नलमधला प्रोग्रॅम जसाच्या तसा टाकला आणि पहिल्याच ओळीला चूक आली, तर घाबरू नका, ही तीच भानगड. एसडीसीसी निकालाची फाइल आयएचएक्स नावानं देतो. त्याच्याबरोबरच येणाऱ्या पॅकआयएचएक्स या आज्ञेनं ती नेहमीची हेक्स फाइल होते. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. प्रत्येक ओळ कोलननं सुरू होते, आणि पुढचे आकडे म्हणजेच तुमचा प्रोग्रॅम. लपलेलं काही नाही.

पहिला प्रोग्रॅम एवढाच: पोर्ट १ वर शून्य लिही, थोडं थांब, २५५ लिही, थोडं थांब, पुन्हा पहिल्यापासून. भरा आणि रीसेट करा. दिवे लुकलुकतील.

इथं मुलांनी विचारलं, "सर, शून्य लिहिल्यावर दिवा लागतो, एक लिहिल्यावर विझतो. उलटं झालं ना?" उलटं नाही, ही या चिपची प्रकृती आहे. पोर्ट १, २, ३ ची पिन वर असताना अगदी थोडा करंट देते, काही मायक्रोॲम्पिअर. पण खाली असताना बराच करंट आत घेऊ शकते. घरात ठिबकणारा नळ आणि मोठी मोरी असावी तसं. म्हणून दिवा ५ व्होल्टकडून आणतात आणि पिनेत सोडतात. पिन शून्य झाली की मोरी उघडते, दिवा लागतो.

मोरीलाही मर्यादा आहे. एका पिनेतून जास्तीत जास्त १० मिलिॲम्पिअर, पण पोर्ट १, २ किंवा ३ चा सगळ्या आठ पिनांचा मिळून १५. स्वतः आठ दिवे जोडणार असाल आणि सवयीनं ३३० ओहमचे रेझिस्टर लावले, तर एकेका दिव्याचे ९ मिलिॲम्पिअर होतात, आठांचे ७२. पोर्टावर अन्याय आहे तो. २.२ किलोओहम लावा. दिवा जरा मंद लागेल, पण एकूण ११ च्या आसपास राहील. पोर्ट ० ची गोष्ट आणखी वेगळी. त्याला वर ओढणारं आतून काहीच नाही. बाहेरून १० किलोओहमची रेझिस्टर पट्टी नसेल तर तिथं ‘एक’ कधी दिसणारच नाही. पोर्ट ० वर दिवे लावून ‘पोर्ट जळाला’ म्हणणारे आम्ही पुष्कळ पाहिलेत.

तो विचित्र आकडा

आता क्रिस्टल. १२ मेगाहर्ट्‌झ समजतं, पण ११.०५९२ हा काय आकडा?

या चिपमध्ये क्रिस्टलचे १२ ठोके म्हणजे एक मशिन सायकल. १२ मेगाहर्ट्‌झला ती बरोबर एक मायक्रोसेकंद होते. वेळ मोजायला सोपं. पण सीरियल पोर्टवरून ९६०० च्या वेगानं बोलायचं असेल तर हिशेब असा: मशिन सायकलचा वेग भागिले ३२, भागिले टायमरची मोजणी. १२ मेगाहर्ट्‌झला पहिल्या भागाकारानंतर ३१,२५० उरतात. त्याला तीननं भागलं तर १०,४१६. हवे होते ९६००. आठ टक्क्यांहून जास्त चूक, आणि पडद्यावर कचरा अक्षरं. ११.०५९२ ला तोच भागाकार २८,८०० देतो. तीननं भागा: ९६००. बाकी शून्य. टायमर १ मध्ये २५३ भरायचे ते याचसाठी, २५६ वजा ३.

आणि गंमत म्हणजे वेळही नीट जमते. ११.०५९२ ला सेकंदाला ९,२१,६०० मशिन सायकल होतात. ५० मिलिसेकंदाला ४६,०८०. टायमर ६५,५३६ ला उलटतो. तेव्हा सुरुवात १९,४५६ पासून करायची. वरच्या बाइटमध्ये ७६, खालच्यात शून्य. असे वीस फेरे झाले की एक सेकंद. मुलांनी हा हिशेब फळ्यावर केला, टायमरमध्ये भरला आणि मोबाइलच्या घड्याळाशी ताडून पाहिला. दहा मिनिटांत फरक डोळ्याला दिसला नाही.

संगणकाशी बोलताना आणखी एक काळजी. बोर्डावरच्या नऊ पिनांच्या सॉकेटमागे मॅक्स२३२ नावाची आयसी असते, तिथली व्होल्टेज धन-ऋण आणि मोठी असतात. तिथं यूएसबीपासून आरएस-२३२ करणारी तयार केबल लावा. पाच व्होल्टवाली छोटी यूएसबी-सीरियल पट्टी तिथं लावू नका, ती जाईल. ती वापरायची असेल तर मॅक्स२३२ सॉकेटमधून काढा आणि पट्टी थेट चिपच्या १० आणि ११ नंबरला जोडा, आडवी: हिचं बोलणं त्याच्या ऐकण्याला. आणि बोर्डाला दोष देण्याआधी केबल तपासा. केबलच्या २ आणि ३ नंबरच्या पिना एकमेकींना जोडा आणि टाइप करा. अक्षरं परत आली तर केबल ठीक.

शेवटी किती उठले

तीन रविवारांनंतरचा हिशेब सांगतो. १४ पैकी दहा बोर्ड चालू झाले. पाच जंपरचे, दोन रीसेट बटणाचे, तीन नुसता प्रोग्रॅमर मिळाल्यावर. दोनांना नवी चिप लागेल. एक आधीच मेलेला होता. आणि एक हा, आमचा.

इथं कुणी विचारेल, आणि त्या दिवशी सरांनी विचारलंही: याहून शेकडो पटीनं ताकदवान, वायफाय असलेले बोर्ड आज स्वस्तात मिळतात. हा जुना उठवून काय मिळवलं? प्रश्न रास्त आहे. नवीन वस्तू बनवायची असेल तर हा बोर्ड विकत घेऊ नका, आम्हीही घेणार नाही. पण तो कपाटात असेल, अभ्यासक्रमात असेल, आणि समोर मुलं असतील, तर हिशेब बदलतो. नव्या बोर्डावर दिवा लावायला दोन ओळी लागतात. छानच आहे. पण नाही लागला तर मुलगा कुठं बघणार? इथं प्रत्येक पिनेला मीटरचं टोक लागतं, एकूण १११ सूचना आहेत, आणि अख्खं यंत्र एका माणसाच्या डोक्यात मावतं. बिघाड शोधायची रीत एकदा हाताला लागली, की ती पुढच्या कुठल्याही बोर्डावर चालते: आधी वीज, मग रीसेट, मग घड्याळ, मग ओळख, आणि सगळ्यात शेवटी प्रोग्रॅम. आमचा अनुभव असा, की मुलं उलट्या टोकाकडून सुरू करतात. तीन-तीन तास प्रोग्रॅममधली चूक शोधतात, आणि बोर्डाला वीजच नसते.

आणि ८०५१ ची रचना अजून पूर्ण गेलेलीही नाही. सिलिकॉन लॅब्ज, नुव्होटॉन अशा कंपन्यांच्या छोट्या चिपांच्या पोटात आजही तीच आहे.

श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली आहे: "माझ्याकडच्या बोर्डावर फिलिप्सची पी८९व्ही५१आरडी२ आहे. तिला हेच लागू?" वीज, रीसेट, ईए, एएलई हे सगळं तसंच. प्रोग्रॅम भरण्याची रीत वेगळी. तिच्यात सीरियल पोर्टवरून प्रोग्रॅम घेण्याची सोय आतच आहे. वेगळा प्रोग्रॅमर नको, आरएस-२३२ केबल आणि फ्लॅश मॅजिक हे सॉफ्टवेअर पुरे. भरायला सुरुवात केली की ते रीसेट करायला सांगतं, तेव्हा बटण दाबा.

दुसरी चिठ्ठी: "बोर्डावर रिले आहे, त्यावर घरचा दिवा लावून बघू का?" कृपा करून नको. २३० व्होल्टचे उघडे स्क्रू आणि शेजारी मुलांची बोटं, हा प्रयोग टाळा. रिलेवर १२ व्होल्टचा दिवा लावा, शिकायचं ते तेवढ्यात शिकून होतं.

जाता जाता एक. त्या मुलीनं शेवटच्या रविवारी चालू झालेल्या प्रत्येक बोर्डाच्या मागे पांढरी चिकटपट्टी लावली. तिच्यावर पेनानं लिहिलं: चिपचं नाव, क्रिस्टलचा आकडा, ईए जंपर कुठं हवा, अडॅप्टर आत धन, आणि तारीख. आम्ही सांगितलं नव्हतं. पाच ओळींची ती पट्टी आधीच्या कुणी लावली असती तर निम्मं खोकं भंगाराच्या वाटेला लागलंच नसतं. तुमच्याकडं चालू असलेला बोर्ड असेल तर आज घरी गेल्यावर पहिलं काम हे करा.

मामांनी खोकं परत कपाटात ठेवलं, या वेळी खालच्या नाही, हाताशी येणाऱ्या कप्प्यात. हे दोन बोर्ड सरांनी व्याख्यानासाठी उसने दिलेत, उद्या परत द्यायचे आहेत. तेव्हा बघून घ्या. मीटर इथंच आहे. ३० नंबरवर टोक ठेवा.